कॉम्प्युटरची पहिली पंगत

नाशिकरोडला पुंजाराम तात्यांच्या चाळीवरून नुसता सायकलवर जाणारा माणूससुद्धा तुम्हाला सांगेल, की चांगुणाबाईंनी कॉम्प्युटर लावला आणि बुद्धपौर्णिमेच्या भर सकाळी अख्ख्या चाळीची लाइट खाऊन टाकली. भाजीवालीकडे ही गोष्ट गेली तेव्हा चाळीच्या जागी गल्ली आली. पिठाच्या गिरणीत पोचेपर्यंत मीटर वितळून भिंतीवरून ओघळलं होतं. सलूनमध्ये दाढीला बसलेल्या एका गृहस्थांनी तर डीपीवरचा कावळा पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. "असा पडला हो, पाडाच्या आंब्यावानी," म्हणून ते मान टाकून दाखवायचे, आणि दाढी करणारा घाईघाईनं वस्तरा मागे घ्यायचा.

कावळा पडला नाही. मीटर जिथं होतं तिथंच आहे, त्यावरचं कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत आहे. आणि लाइट कॉम्प्युटरनं खाल्ली नाही. लाइट घालवली ती चांगुणाबाईंनी, मेन स्विचचा दांडा स्वतःच्या हातानं खाली ओढून, पोरींच्या आईबापांच्या देखत. का ओढला, हे सांगायचं तर आधी चांगुणाबाई सांगायला हव्यात.

चांगुणा सावळीराम गांगुर्डे, आम्हा पोरींच्या टायपिंग क्लासच्या मॅडम. चाळीत रस्त्याकडेला त्यांची दुहेरी खोली. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत मराठीची चार आणि इंग्रजीची चार मशीनं. पोरी टाइप करत असताना मॅडम मागच्या खोलीत भाजी फोडणीला टाकायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "तिसऱ्या नंबरच्या मशीनवर कोण हाय? करंगळी झोपलीय तुझी!" करंगळी खरंच झोपलेली असायची. नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं. एरवी मॅडमची भाषा अगदी इस्त्रीची, "बाळा, समास सोड, समास," अशी. पण राग आला की ती थेट सायखेड्याला माहेरी जायची आणि तिथून "लय झालं आता" म्हणत परत यायची.

सायखेड्याला गोदावरीच्या काठी त्यांच्या वडिलांची तुकडाभर जमीन आणि भावकीत मिळून पाण्याची एक मोटर. चांगुणा लहान असताना तिला मोटरीपाशी बसवायचे. मोटर सुरू केली की झोपडीतला बल्ब एकदम बसायचा, दिव्यात तेल संपल्यासारखा, आणि मग हळूहळू परत उजळायचा. पोरगी घाबरली की वडील म्हणायचे, "घाबरू नको, ती उठतीय. उठताना जोर लागतो, एकदा उठली की मग काय नाय."

दुसरी गोष्ट खिरीची. बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर चांगुणाबाईंच्या हातची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पण पहिल्याच वर्षी ती कमी पडली होती. दूध हिशेबात घेतलं होतं, तांदूळ हिशेबात घेतला होता, माणसंही सांगितली तेवढीच आली होती. फक्त ती सगळी एकदम आली आणि पहिल्याच पंगतीत पातेल्याचा तळ दिसला. शेवटी एक लहान पोर रिकामी वाटी घेऊन उभं राहिलं, वाटीत बघितलं आणि आईकडे गेलं. चांगुणाबाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून माणसं किती येणार असं त्या विचारतच नाहीत. "एकदम किती बसतील ते सांगा," म्हणतात. "मागनं रेंगाळत येणाऱ्यांचं भागतं हो कसंही. पातेलं पहिल्या पंगतीला पुरलं पाहिजे."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं भांडण ह्या दोन गोष्टींवरूनच पेटलं.

अठ्ठ्याऐंशी साली कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा क्लास निघाला. काचेचं दार, आत एसी, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमच्या क्लासमधल्या पोरी एकेक करून तिकडे जायला लागल्या. आठ मशीनांपैकी पाच वाजायची, मग चार. मॅडम मागच्या खोलीत कांदा चिरताना कान देऊन ऐकायच्या आणि त्यांना सगळं कळायचं. एका संध्याकाळी दोनच मशीनं वाजत होती. मॅडमनी कांदा अर्धा ठेवला, बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपण पण आणायचा."

सावळीराम काका प्रेसमध्ये नोकरीला. दिवसभर मशीनांच्या गोंगाटात राहून त्यांची बोलायची सवयच गेली होती. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, बायकोकडे बघितलं, परत वर केलं. ह्याचा अर्थ होकार, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडण्यातला नव्हता. म्हणून सुटे भाग आणून जोडून देणारा शोधला. तो चंदर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, स्कूटरच्या डिकीत अर्धा कॉम्प्युटर घेऊन फिरणारा. बोलणं नव्या कोऱ्या चपलेसारखं, पाऊल टाकलं की करकरणारं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाला 'बेसिकली' आणि शेवटाला 'ना'. पाणी मागतानासुद्धा म्हणायचा, "बेसिकली तहान लागलीय ना, मॅडम."

चंदरनं सतरंजीवर सगळे भाग मांडले. मॅडम पाटावर बसून एकेकाची ओळख करून घेत होत्या, नवरी पाहायला आल्यासारख्या. हा मदरबोर्ड. ह्या दोन फ्लॉपीच्या चकत्या ओढणाऱ्या खाचा. ही हार्ड डिस्क, विटेएवढी जाड, आत तबकडी फिरते आणि सगळं लक्षात ठेवते. आणि हा पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय.

"हा काय करतो?"

"बेसिकली हा वाढपी आहे ना, मॅडम. भिंतीतली लाइट आत घेतो आणि प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाढतो."

वाढपी म्हटल्यावर मॅडमनी पदर खोचला. "किती जणांना पुरतो?"

चंदरनं बोटांवर बेरीज केली. मदरबोर्डला इतकं, खाचांना इतकं, हार्ड डिस्कला इतकं. "साठच्या आत येतं सगळं. माझ्याकडे पासष्ट वॉटचा पडूनच आहे. परफेक्ट ना!"

"हे चालू असतानाचं झालं. उठताना?"

"उठताना म्हणजे?"

"ही तबकडी फिरते म्हणालास ना? म्हणजे मोटर आली. मोटर उठताना जोर लागतो. बाकीची पण तेव्हाच वाटी पुढं करणार. पहिल्या पंगतीचं सांग मला."

"बेसिकली मॅडम, ही शेतातली मोटर नाही ना. एवढीशी आहे."

"एवढंसं पोर पण उपाशी असलं की दोन वाट्या खातं," मॅडम म्हणाल्या. "पासष्टचा नको. मोठा डबा आण."

"मोठ्याची गरजच नाही ना!"

"मग मीच आणते."

झालं. चंदर स्कूटरला किक मारून गेला, आणि मॅडम थेट दोनशे वॉटचा डबा आणायच्या गोष्टी करू लागल्या. चाळीच्या भिंतींना कान नाहीत, सरळ खिडक्या आहेत. बातमी चुलीवरचं दूध उतू जायच्या आत मालकांकडे पोचली.

मालक पुंजाराम तात्या मूळचे वणीकडचे. चाळीत घरं पाच आणि मीटर एक, तेही तात्यांच्या दारावर. बिल पाचांत वाटून घ्यायचं. तात्या रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मीटरसमोर उभे राहायचे, जसं दुसरं कुणी देवासमोर राहील. ते धावतच आले.

"चांगुणाबाई, म्या काय ऐकतो? दोनशेचा डबा आनताय म्हनं?"

"आणतेय."

"आवं, दोनशेचा डबा दोनशे खानार! माझं मीटर सुटंल की येड्यागत!"

"तात्या, हंडा मोठा घेतला म्हणून पाव्हणे जास्त जेवतात का? ज्याला जेवढं लागतं तेवढंच तो खाणार. डबा मोठा असला तरी कॉम्प्युटरचं पोट तेवढंच."

तात्यांनी थोडा विचार केला. "पन हंडा मोठा दिसला का पाव्हनं वाढत्यात, बाई. हे मला म्हाईत हाय. लय लग्नं लावली म्या." आणि जाता जाता वळून म्हणाले, "ऐका. मीटरला काय झालं, येक तार जरी जळाली, तरी पुढली खोली मोकळी करायची. क्लास-बिलास तुमच्या मागल्या खोलीत घ्या न्हायतर रस्त्यावर. सांगून ठिवलं."

मॅडम हसल्या, पण तात्या गेल्यावर पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर बराच वेळ टेकून उभ्या राहिल्या. मशीनांवर कापडं घातलेली होती. पौर्णिमेला क्लासचं उद्घाटन ठरलं होतं, गावोगावी निरोप गेले होते. त्या दिवशी कॉम्प्युटर चालला नाही तर पोरी कॉलेज रोडला जाणार, आणि चालता चालता मीटर जाळलं तर खोलीही जाणार. म्हणजे डबा लहान घ्यावा तर भीती, मोठा घ्यावा तर भीती. क्लास सगळा त्या पत्र्याच्या डब्यावर येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्या सावळीराम काकांना घेऊन मेन रोडच्या एका बोळातल्या दुकानात गेल्या. दुकानदार इतका गोड बोलायचा की काउंटरला मुंग्या लागाव्यात. "या ताई, बसा ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे आमचं भाग्य, ताई." त्यानं तीन-चार डबे समोर ठेवले. मॅडमनी एकेक उचलला, तळहातावर तोलला, खाली ठेवला, परत उचलला. लहानपणापासून त्यांनी स्टॅबिलायझर बघितले होते, मोटरीचे स्टार्टर बघितले होते. जे जड ते चांगलं, ह्यात त्यांना शंका नव्हती. सगळ्यात जड डब्यावर त्यांचा हात थांबला. वर लिहिलेलं, दोनशे वॉट.

सावळीराम काकांनी त्या महिन्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "अगं, कलिंगड नाही ते."

"तुम्ही गप्प बसा. कलिंगडात तरी कधी फसले का मी?"

संध्याकाळी चंदरनं तोंड वाकडं करत तो जड डबा बसवला. मॅडमनी हात जोडले. बटण दाबलं. हार्ड डिस्क 'घुंऽऽ' करून उठायला लागली, अर्ध्यावर आली, आणि म्हाताऱ्या माणसानं खुर्चीतून उठता उठता परत बसावं तशी 'घुं...उंऽ' करत खाली बसली. मग वास आला. जळक्या रबराचा आणि थोडा कुठल्यातरी भजीचासुद्धा, पण भजी शेजारच्या लंकाबाईंच्या घरातली होती.

चंदरनं वायर ओढली, स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि आत बघून मोठ्यानं हसायला लागला. आत चार-दोन भाग कोपऱ्यात चिकटवलेले आणि मधोमध सिमेंटची एक वडी, बर्फीसारखी चौकोनी कापून बसवलेली. नुसती वजनासाठी.

"बेसिकली मॅडम, तुम्ही सिमेंट आणलंय ना!"

मॅडम सतरंजीच्या काठावर बसल्या आणि ती वडी हातात घेऊन बघत राहिल्या. त्यांना तसं बसलेलं पाहून चंदरचं हसू आपोआप आटलं. दारातून सावळीराम काका म्हणाले, "कलिंग..."

"बोलू नका."

मग मॅडमनी वडी बाजूला ठेवली. "माझं चुकलं. डोकं वापरायचं तिथं हात वापरला. पण चंदर, आता तुझा पासष्टचा लाव. माझी गंमत बघितलीस, तुझी मला बघू दे."

चंदरनं मोठ्या ऐटीत लावला. मदरबोर्ड जागा झाला, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, हार्ड डिस्क 'घुंऽ' करून उठायला लागली, आणि टिक. सगळं बंद. परत आपलं आपण सुरू. घुंऽ, टिक. घुंऽ, टिक. उचकी लागल्यासारखं. चंदरनं स्क्रू घट्ट केले, वायरी हलवल्या, डब्यावर थापटी मारून पाहिली. घुंऽ, टिक.

"बेसिकली..." चंदर म्हणाला. त्याचं ते वाक्य अजूनही अर्धंच आहे.

"पहिली पंगत," मॅडम हळूच म्हणाल्या.

पण त्यांनी चिमटा काढला नाही. उलट चहा टाकला. चंदर वाईट मुलगा नव्हता आणि बेरीजही त्याची चुकलेली नव्हती. फक्त सगळे निवांत जेवत असतानाची होती. चहा पिता पिता त्यानं हार्ड डिस्क उलटी केली आणि तिच्या पाठीवरची चिठ्ठी नीट वाचली. उठताना ती नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त ओढते, असं तिथं बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. त्यानं परत बोटं मोजली. ह्या वेळी सगळ्यांची भूक एकदम धरली. बेरीज शंभराच्या पुढं गेली.

"त्यावर थोडं जास्तीचं धर," मॅडम म्हणाल्या. "आयत्या वेळी कुणी मेव्हणा घेऊन येतोच."

"दीडशे, मॅडम. दीडशेचा पुरेल. दोनशेची गरज नाही. हे मात्र माझं ऐका ना."

"ऐकलं. पण खरा दीडशेचा कसा ओळखायचा? वजनावर माझा भरवसा उरला नाही."

"त्याची युक्ती आहे माझ्याकडे," चंदर म्हणाला. पहिल्यांदाच बेसिकली न लावता.

युक्ती अशी होती. दुसऱ्या दिवशी चंदर द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमधून टॅक्सीच्या हेडलाइटचा बल्ब मागून घेऊन आला. दोघं मेन रोडच्या त्याच दुकानात गेले. मॅडमनी सिमेंटची वडी रुमालात बांधून आणली होती. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ही तुमची मिठाई राहिली होती, दादा."

दुकानदारानं वडीकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं. "अहो ताई, हळू ताई, कंपनीची चूक ताई, बदलून देतो ना ताई!"

"बदलून नंतर. आधी ह्या मुलाला टेस्टिंग करू द्या."

चंदरनं एकेक डबा लावून त्यावर टॅक्सीचा बल्ब पेटवायला घेतला. पहिल्यावर बल्ब विहारातल्या मेणबत्तीसारखा मिणमिणला. दुसऱ्यावर भक्कन पेटला आणि विझला. तिसऱ्यावर लाल झाला, जणू त्याला लाज वाटली. चौथा डबा मात्र बारका, हलका, दिसायला एवढा गरीब की मॅडमनी त्याच्याकडे आदल्या दिवशी पाहिलंही नव्हतं. चंदरनं वायर जोडली आणि दुकानभर पांढरा लख्ख उजेड पडला. दोघं उभे राहून बघत होते. उजेड हलला नाही. दुकानदाराला घाम फुटला, तो त्या उजेडात चांगला दिसत होता.

मॅडमनी तो डबा हातात घेतला. हाताला हलका लागला तसं त्यांचं मन परत कचरलं. मग त्यांनी हाताचं ऐकलं नाही आणि म्हणाल्या, "हाच."

घरी आल्यावर तो बसवला आणि हार्ड डिस्क एका दमात उठली. मॅडमनी बटण बंद करून परत लावलं, परत बंद केलं, परत लावलं, शेवटी चंदर काकुळतीला आला, "मॅडम, ती दमेल ना!"

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली (पुरली, उरलीसुद्धा), आणि माणसं चाळीकडे आली. पुढची खोली भरली, ओटा भरला, खिडक्यांना पोरं लटकली. मे महिना, पाचही घरांत पंखे गरगरतायत आणि व्होल्टेज निम्म्यावर. चंदर इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपाशी उभा. तात्या आत आलेच नाहीत, ते आपल्या दारात मीटरकडे तोंड करून उभे.

कॉम्प्युटर सुरू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळं सुरळीत पार पडणार असं वाटत असतानाच निफाडचे केरूभाऊ उठले. द्राक्षबागाईतदार माणूस, पोरीला क्लासला घालायचं म्हणून आले होते. आवाज असा, की बागेच्या ह्या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी.

"बाई, येक इचारू का? आमच्याकडं लाइट जाती अन् येती. येताना सगळ्यांच्या मोटरी येकदम उठत्यात, व्होल्टेज बसतं, अन् माझी मोटर जळती. ह्या वर्साला दोनदा जळाली. तुमचं हे यंत्र त्या टायमाला काय करनार? कॉलेज रोडला म्हनं बॅटऱ्या हायत."

मागे बसलेले दोन-तीन बाप एकमेकांकडे बघायला लागले. एका आईनं पोरीचा हात धरला, उठायच्या बेतात.

चंदर पुढे झाला. "बेसिकली भाऊ..."

"थांब," मॅडम म्हणाल्या.

त्यांना काय वाटलं असेल ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. तोंडानं काहीही सांगता आलं असतं आणि केरूभाऊंनी अर्धं मानलंही असतं. पण पाण्याच्या मोटरीपाशी वाढलेल्या बाईला दुसऱ्या मोटरवाल्याला शब्दांनी गुंडाळणं जमेना. त्या ओट्यावर गेल्या आणि चाळभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "लंकाबाई! हिटर लाव! मिक्सर लाव! कोपऱ्यावरची इस्त्री लाव! ज्याच्या घरी जे असंल ते चालू करा, कूलर, टीव्ही, सगळं!" भाषा सायखेड्याला गेली होती. "येकदम बसू द्या पंगत! मी मेन ओढून परत लावते!"

"मीटर!" तात्या किंचाळले.

चंदर पांढरा पडला. "मॅडम, मेन ओढणार? हार्ड डिस्क चालू असताना? आधी पार्क करू द्या!"

"पार्क म्हणजे?"

"आतली सुई तबकडीवरून बाजूला नेऊन ठेवायची ना! नाहीतर ओरखडा पडतो!"

"मग ठेव ना. स्कूटर स्टँडला लावतोस तशी लाव."

चंदरनं टक्‌टक् करून सुई बाजूला ठेवली. तोवर मॅडम ओट्याच्या टोकाच्या मेन स्विचपाशी पोचल्या होत्या. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "कुणाला वाटतं हा उठणार नाही?"

अशा वेळी माझी जीभ गप्प बसत नाही. मी मागच्या बाकावरून, हुबेहूब चंदरच्या आवाजात, म्हणाले, "बेसिकली रिस्क आहे ना, मॅडम!"

खोली फुटली हसून. चंदरसुद्धा हसला, आधी आपणच बोललो की काय म्हणून दचकून आणि मग हसला. मॅडमनी मला शोधून काढलं. त्या मला साळुंकी म्हणतात, ती ज्याचा-त्याचा आवाज काढत फिरते म्हणून.

"साळुंके, लावतेस पैज?"

"लावते! हा उठला नाही तर सगळ्या क्लाससमोर मी तुमची नक्कल करणार, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघायची."

"आणि उठला तर आठ दिवस कुणाची नक्कल करायची नाही. तुझ्या आईनं दिलेल्या आवाजात बोलायचं."

"कबूल!"

मॅडमनी दांडा ओढला. पंखे थांबले, टीव्ही गेला, लंकाबाईंचा मिक्सर अर्ध्या शेंगदाण्यावर थांबला. चाळीत एवढी शांतता कधीच पडली नव्हती; तात्यांचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता. मॅडमनी दांड्यावरचा हात काढून पदराला पुसला आणि परत ठेवला. मग वर ढकलला.

पाचही घरं एकदम जेवायला बसली. बल्ब पिवळे पडले, पंखे घरंगळल्यासारखे फिरू लागले, हिटर गुरगुरला. पडदा काळा. केरूभाऊ पुढे वाकले. आणि मग त्या पत्र्याच्या डब्यातला पंखा फिरल्याचा बारीक आवाज आला, त्यामागून 'घुंऽ', अडखळत, बल्ब आणखी खाली, 'घुंऽऽऽ', चढत, चढत, आणि न बसता वरच राहिला. टुंग! पडद्यावर हिरवे आकडे धावले आणि चंदरनं आदल्या दिवशी हौसेनं भरून ठेवलेली ओळ इंग्रजी अक्षरांत उमटली: जयभीम. बसा.

केरूभाऊ खरंच बसले. सगळे हसले तसे ते उठले आणि म्हणाले, "मोटरीला असला डबा मिळतो का हो?" मग लेकीला पुढं ढकललं. "नाव लिव्हा बाई हिचं." हात धरून उठायला निघालेली ती आई आता रांगेत सगळ्यात पुढं उभी होती.

तात्या आत आले ते घाम पुसत. "मीटर लय पळालं," त्यांनी जाहीर केलं. "पन म्या बगत व्हतो. डब्यानं नाय पळालं, लंकाबाईच्या हिटरनं पळालं. हिटर बंद करा आधी!" मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "खोलीचं ऱ्हाऊ द्या. ते म्या असंच बोल्लो व्हतो." आणि खिरीची वाटी घेऊन परत मीटरसमोर गेले.

सावळीराम काकांनी पुढच्या महिन्याच्या हिशेबातलं एक वाक्य आगाऊ खर्च केलं. "पुरलं," ते म्हणाले.

मी पैज हरले, हे सांगायला नको. आठ दिवस म्हणजे काय असतं, ते नक्कल करणाऱ्याला विचारा. तात्या समोरून जातायत आणि तोंड शिवलेलं. चंदर पाणी मागतोय आणि तोंड शिवलेलं. तिसऱ्या दिवशी मला सहन होईना. मी मराठीच्या दुसऱ्या नंबरच्या मशीनवर कागद चढवला आणि तोंडानं जे करता येत नव्हतं ते सगळं बोटांनी केलं: तात्यांचं, चंदरचं, केरूभाऊंचं, मॅडमचं स्वतःचंसुद्धा. तेच हे, मागाहून थोडी भर घातलेलं, तुम्ही आत्ता वाचलंत ते.

मॅडमनी मागच्या खोलीतून ऐकलंच होतं. कणीक मळलेल्या हातानंच बाहेर आल्या आणि सगळे कागद उभ्यानं वाचून काढले. तात्यांपाशी दोनदा हसल्या. सिमेंटपाशी माझ्याकडे डोळे वटारले. मग कागद खाली ठेवले आणि म्हणाल्या, "चांगलं उतरलंय. समास नीट सोडलाय. पण नक्कल ती नक्कलच, बाळा, तोंडानं कर नाहीतर बोटांनी. पैज मोडलीस. आजपासून परत आठ दिवस."